आप्पा सोनवणे आणि बंद पोटाचा बेडूक

गेल्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभा भरली. सोळा फ्लॅटपैकी अकरा फ्लॅटचे सभासद हजर होते. फ्लॅट तीनशे दोनचे मुरलीधर सोनवणे, म्हणजे आप्पा, यांनी गच्चीवर भट्टी पेटवून धूर केल्याबद्दल त्यांना पाचशे रुपये दंड करावा, असा ठराव दहा विरुद्ध एक मताने मंजूर झाला. विरोधातलं एक मत आप्पांचं नव्हतं. आप्पांनी दंडाच्या बाजूने हात वर केला होता, आणि तोही सगळ्यांच्या आधी.

विरोधातलं मत माझ्या बायकोचं होतं. फ्लॅट तिच्या नावावर असल्यामुळे मतही तिचंच. मी सोसायटीचा खजिनदार, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून सभेचा वृत्तांत लिहीत होतो.

"लाकूड ओलं होतं," आप्पा उभे राहून म्हणाले. "धूर झाला. शहाभाभींचे पापड काळे पडले. फॉल्ट माझा. लिहा साहेब."

त्यांनी पाचशेची नोट तिथेच काढून दिली. मी पावती फाडली. आप्पांनी ती डोळ्यांपासून एक वीत लांब धरून वाचली आणि मला परत केली.

"तारीख राहिली. रिजेक्ट."

सिल्वासात सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत मला बावीस वर्षं झाली. माझी पावती आजवर कोणी परत केली नव्हती. मी दुसरी फाडून दिली. त्या दिवशी मला हा माणूस आणखी आवडला.

ठरावाचा दुसरा भाग असा होता की, गच्चीवरचा भट्टीचा ड्रम महिनाअखेर खाली उतरवावा. त्यालाही आप्पांनी हात वर केला. पण मग म्हणाले, "त्याच्याआधी एक भट्टी लावू द्या. एक पीस राहिला आहे."

"केटला पीस?" अध्यक्ष शहाभाईंनी गुजरातीत विचारलं.

"एकच."

"शुं छे?"

"बेडूक."

"एक देडका माटे आखी भट्टी?" शहाभाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे हसले.

आप्पा हसले नाहीत. "पीस माझा नाही," ते म्हणाले. "दुसऱ्याचा आहे. कच्चा ठेवता येणार नाही." शेवटी असं ठरलं की, मी आप्पांकडे जाऊन पाहणी करावी, परवानगी द्यावी की नाही ते आठवड्यात सांगावं आणि तोवर ड्रमला काडी लावू नये. अशी कामं नेहमी माझ्याकडेच येतात.

आता आप्पा कोण, ते सांगतो. वय एकसष्ट. मूळ गाव शिरपूरच्या बाजूला. मसाटच्या एका सुताच्या कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. पट्ट्यावरून सुताचे कोन, म्हणजे शंकूच्या आकाराची रिळं, येत. आप्पा एकेक उचलून, फिरवून, दाबून बघत आणि पास किंवा रिजेक्ट म्हणत. आमच्या इमारतीत फ्लॅट घेतला तो चार वर्षांपूर्वी. निवृत्त झाल्यावर बायकामुलांकडे गावी जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. गेले नाहीत. वर्षातून दोनदा जाऊन येतात, बाकी इथेच. कोन संपले, पण तपासणी काही संपली नाही.

आमच्याकडे जेवायला आले की ते भाकरी आधी उजेडात धरतात. "किनार जाड आहे, वहिनी," म्हणतात आणि तीन खातात. सोसायटीच्या फाटकाशी झोपणाऱ्या कुत्र्याबद्दल त्यांचं मत आहे की, मागचा डावा पाय आखूड असल्यामुळे हा पास व्हायचा नाही. मागच्या वर्षी शेजारच्या इमारतीत लग्न होतं. आप्पांनी नवरदेवाला खालून वर पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाले, "फिनिशिंग चांगली आहे, पण आतून पोकळ वाटतो." तो मुलगा पुढे निघाला बरा. तपासनीसही कधी चुकतो.

या माणसाला मातीची जनावरं करण्याचा नाद आहे. चाक नाही, साचा नाही, फक्त अंगठा. लिंबाएवढा मातीचा गोळा घ्यायचा, त्यात अंगठा रुतवायचा, आणि गोळा फिरवत फिरवत अंगठा व बोटांच्या चिमटीत कड दाबत जायची. गोळ्याची वाटी होते. अशा दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडल्या की पोकळ पोट तयार. त्याला पाय लावा, मान लावा, की गाय, डुक्कर, कासव, जे म्हणाल ते. "अंगठा घाल, फिरव, चिमट," आप्पा सांगतात. "बाकी काही नाही." सांगायला सोपं आहे. मी एकदा त्यांच्यासमोर बसून हत्ती केला. पाऊण तास लागला. आप्पांनी तो तळहातावर घेतला, चारी बाजूंनी पाहिला आणि म्हणाले, "साहेब, हा हत्ती नाही. ही फाईल आहे." लगेच बोटांनी दाबून त्यांनी त्याची परत माती केली आणि बादलीत टाकली. सोंड तेवढी मला परत दिली, आठवण म्हणून.

प्रत्येक जनावराची ते नोंद ठेवतात. रजिस्टर मी पाहिलं आहे, आणि ते आमच्या कचेरीतल्या कितीतरी रजिस्टरांहून नीट आहे. क्रमांक, जनावर, वजन, भिंतीची जाडी, शेरा. जाडी मोजायला एक सुई आहे. तिच्या टोकापासून पाच मिलिमीटरवर लाल दोरा बांधलेला. सुई ओल्या पोटात पोकळी लागेपर्यंत टोचायची. दोरा बाहेर राहिला तर पातळ, आत गेला तर जाड. टोचलेलं भोक पोटाखाली तसंच राहू द्यायचं, कारण पोकळ पोटातली हवा आणि ओल भट्टीत तापली की तिला बाहेर पडायला वाट लागते. भोक नसेल तर जनावर फुटतं आणि शेजारच्या चारांना घेऊन जातं.

खिशात ते प्लास्टिकच्या पिशवीत मातीचा गोळा बाळगतात. एकदा बँकेत त्यांचा नंबर आला तेव्हा हातातल्या कासवाला तीनच पाय झाले होते. "एक मिनिट, मॅडम," आप्पा म्हणाले, "चौथा लावतो, नाहीतर हे बसून जाईल." मागे रांगेत नऊ माणसं होती. मीही होतो. सगळे वाकून पाय बघत होते. काम झाल्यावर आप्पांनी कासव खिडकीत ठेवलं. मॅडमनी ते आजही कॅलेंडरशेजारी ठेवलेलं आहे. निदान गेल्या महिन्यापर्यंत होतं. कारण आप्पांचं काही सांगता येत नाही. माझ्या बायकोला दिलेली कोंबडी ते तीन दिवसांनी परत मागायला आले होते. रात्री झोप लागेना, चोच दोन ग्रॅम जड झाली आहे, असं म्हणाले. नवी कोंबडी आणून दिली तेव्हा कुठे शांत झाले.

तर सभेनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी कचेरीतून परस्पर मी पाहणीला गेलो. आप्पांच्या बाहेरच्या खोलीत मांडणीवर जनावरं ओळीने उभी. मी मोजली, दोनशे चौदा भरली. बेडूक त्यांच्यात नव्हता. तो आतल्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर, स्टीलच्या डब्यात कापसावर बसवलेला होता.

माझ्या डोळ्यांनाही तो रिजेक्ट दिसला. एक बाजू जाड, दुसरी दबलेली. एक डोळा जागेवर, दुसरा जवळजवळ कानाशी, बेडकाला कान असते तर. दोन वाट्यांचा सांधा पोटावरून शिवण घातल्यासारखा वेडावाकडा गेलेला.

"हे कोणी केलं?"

"हिलालनं. डाव्या हातानं केलं."

मग आप्पांनी सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहितो.

हिलाल पवार हा साक्रीचा. तो खडोलीच्या एका कारखान्यात, आप्पा मसाटला. दोघांनी मिळून नरोलीत दहा बाय दहाची खोली भाड्याने घेतली होती. खोलीत खाट एक, कुलपाची चावी एक. आप्पांची दिवसपाळी असली की हिलालची रात्रपाळी, आणि पाळी बदलली की उलट. एक उठून गेला की दुसरा त्याच खाटेवर येऊन पडे. अशी अकरा वर्षं.

"अकरा वरीस एका खाटेवर झोपलो, साहेब," आप्पा म्हणाले. "पण दोघं एका वेळी कधी झोपलो नाही. बोलणं म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी, तेबी किराणा काय आणायचा एवढंच."

चावी ठेवायला जागा हवी होती. पोळ्याला मातीचे बैल करायचा हिलालच्या हाताला लहानपणापासून सराव. त्याने एक पोकळ बेडूक केला, तोंड मोठं उघडं ठेवलं, आणि तो दाराबाहेरच्या कोनाड्यात बसवला. निघताना चावी बेडकाच्या तोंडात. पुढे बाकीची जनावरं आली. खाटेवर शेळी ठेवलेली दिसली की दूध संपलं आहे. कावळा असला की घरमालक येऊन गेला. कासव म्हणजे आज ओव्हरटाइम, यायला उशीर होईल. सगळी कच्चीच, पावसाळ्याच्या दमटात बसली की हिलाल तीच माती पुन्हा मळून नवी करायचा.

"अन् तुम्ही?"

"मी काय करणार? तपासायचो. कागदावर लिहून ठेवायचो, शेळी रिजेक्ट, कान जाड." आप्पा डब्याकडे पाहत होते. "तो त्याच कागदावर खाली लिहायचा, दूध आण."

सहा वर्षांपूर्वी यंत्रात हिलालचा उजवा अंगठा गेला. दवाखान्यातून सुटल्यावर तो सामान न्यायला खोलीवर आला तेव्हा आप्पा कामावर होते. परत येऊन बघतात तर कोनाड्यात नुसती चावी. बेडूक नव्हता. हिलाल गावी निघून गेला होता.

खोलीत त्याची मळलेली माती बादलीत तशीच राहिली होती. आप्पांनी ती टाकली नाही. पंधरा दिवस वरून ओलं फडकं घालत राहिले आणि सोळाव्या दिवशी स्वतःचा अंगठा तिच्यात घातला. तेव्हापासून सहा वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी एक जनावर पेटीत बांधून ते साक्रीच्या बसने हिलालकडे पाठवत होते. पोचल्याचा निरोप कधी आला नाही. आणि सभेच्या आधीच्या जानेवारीत बसच्या क्लीनरने हा डबा आणून दिला. आत बेडूक आणि चिठ्ठी. चिठ्ठीत तीन शब्द: पक्कं करून दे.

"तुमचं गावही त्याच रस्त्यावर ना?" मी विचारलं. "जाता-येता साक्री लागतेच."

"दहा मिनिटं थांबते गाडी. चहाला."

"मग कधी भेटला नाहीत?"

"मी खालीच उतरत नाही तिथं."

मी बुधवारी शहाभाईंना सांगितलं: एक भट्टी, रविवारी सकाळी सहाला सुरू, लाकूड कोरडं, पापड घालण्याचे दिवस सोडून. शहाभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "रविवारे पापड नथी. अमे जोवा आवीशुं." म्हणजे ते स्वतः बघायला येणार.

परवानगी मिळाली, पण काम अडलं ते दुसरीकडेच. बेडकाच्या पोटाला भोक नव्हतं. हिलालने या वेळी उघडं तोंड न ठेवता दोन्ही वाट्या गच्च मिटवल्या होत्या. गुरुवारी मी गेलो तेव्हा आप्पा सुई हातात घेऊन बसले होते. शुक्रवारी गेलो तेव्हाही तसेच. रजिस्टरमध्ये क्रमांक पडला होता, जनावर लिहिलं होतं, वजनही होतं. जाडीचा रकाना मोकळा.

"पाडा की भोक," मी म्हणालो. "तसंच घातलं तर फुटेल."

"फुटंल, ते मला माहीत आहे, साहेब. पण त्यानं ठेवलं नाही. दुसऱ्याच्या पीसला मी कसं टोचू? एवढं एका हातानं केलं त्यानं. सुई लावली अन् चीर गेली तर?"

"माती वाळून कडक झाली आहे. अजून दोन दिवस थांबलात तर नक्कीच चीर जाईल."

"तेबी माहीत आहे."

"मग त्यालाच विचारा."

आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चंद्रावर जायला सांगितलं होतं. "आम्ही कधी फोनवर बोललो नाही."

"नंबर आहे ना?"

नंबर होता. रजिस्टरच्या पहिल्या पानावर, जिथे मी कचेरीत मुख्य अधिकाऱ्याचा लिहितो. आप्पांनी फोन माझ्या हातात दिला. मी नंबर लावला आणि स्पीकर चालू करून फोन डब्याशेजारी ठेवला. पाच रिंग झाल्या.

"कोण?"

मी आप्पांना कोपराने ढोसलं.

"मी. सोनवणे."

पलीकडून बकरीचा आवाज आला. मग बेडूक मिळाला का, असं हिलालने अहिराणीत विचारलं, "बेडूक भेटना का?"

"भेटना. पोटले भोक नही."

"हां."

"फुटी जाई ना, भो."

"मंग पाड ना," हिलाल म्हणाला. "ते तुन्हाकरता ठेयेल शे. समदं मीच करू का?"

अहिराणी मला अर्धीमुर्धी कळते, पण एवढं कळलं. भोक त्याने आप्पांसाठी ठेवलं होतं, जसं एखादं काम दुसऱ्या पाळीवाल्याला ठेवतात. आप्पांनी लगेच ओलं फडकं बेडकाच्या पोटाला लावलं, जागा नरम होईपर्यंत थांबले, आणि सुई अगदी हळू फिरवत आत घातली. चीर गेली नाही. पलीकडे हिलालने फोन ठेवला नव्हता.

"जाडी किती?" त्याने विचारलं.

"आठ."

"खरं सांग."

"नऊ."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. आप्पांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत, हे मला चार वर्षांच्या शेजारात माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी सहाला भट्टी लागली. ड्रममध्ये दोनशे चौदांपैकी एकही जनावर नव्हतं. विटांवर एकटा बेडूक. गच्चीवर आप्पा, मी, माझी बायको थर्मास घेऊन, आणि शाल पांघरलेले शहाभाई. पहिले तीन तास आप्पांनी आच इतकी मंद ठेवली की शहाभाई म्हणाले, "आमां तो खिचडी पण नहीं पाके." मग लाकडं हळूहळू वाढवली. धूर जवळजवळ नव्हता. एकदा आत टक् आवाज झाला. आप्पा उठले, ड्रमभोवती एक फेरी मारून पुन्हा बसले. ती वीट होती, पण ते आम्हाला संध्याकाळी कळलं.

पाच वाजता ड्रम गार झाल्यावर आप्पांनी बेडूक बाहेर काढला. विटकरी रंग, पाठीवर एक काळा डाग. अखंड. वाकडा डोळा भाजल्यावर थोडा अजून वर गेला होता आणि बेडूक शहाभाईंकडे संशयाने बघतोय असं वाटत होतं. शहाभाईंनी तो दोन्ही हातांत घेतला आणि माझ्या बायकोकडे दिला. त्याच आठवड्यात ड्रम खाली उतरला. नोंदीवर माझी सही आहे.

मला वाटलं होतं, बेडूकही नेहमीप्रमाणे पेटीत बांधून बसने जाईल. बुधवारी संध्याकाळी बघतो तर फर्निचरवाल्याचा टेम्पो फाटकात आणि दोन माणसं लोखंडी खाट जिन्याने वर नेताहेत. आप्पा मागून "कोपरा सांभाळ, कोपरा," करत.

"नवीन खाट? जुनी मोडली का?"

"जुनी पण आहे. ही दुसरी."

"दोन कशाला?"

"आता पाळी नाही ना, साहेब. दोघं एकाच वेळी झोपणार. एका खाटेवर कसं मावायचं?"

"हिलाल येतोय? काय म्हणाला?"

"अजून विचारलं नाही," आप्पा म्हणाले. "तिथं जाऊन विचारतो."

गुरुवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून नरोलीच्या फाट्यावर सोडलं. कामगारांना घेऊन साक्रीवरून धुळ्याला जाणारी खासगी बस तिथे थांबते. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात स्टीलचा डबा होता. क्लीनरने सवयीने डब्याला हात घातला. "पार्सल ना, आप्पा? साठ."

"पार्सल नाही. मी येतो आहे. साक्रीला उतरणार."

साक्रीपर्यंतचं भाडं माणशी साडेपाचशे. आप्पांनी जातानाचं एक आणि रविवारच्या परतीची दोन, अशी तीन तिकिटं मागितली. परतीच्या सीटवर नावं लिहून घ्यायला लावली, सोनवणे आणि पवार. खिडकी पवारला. एकूण सोळाशे पन्नास रुपये, बसच्या क्लीनरला, रोख दिले.